स्क्रू ढिला झालाय, पुन्हा आवळता येईल का?

प्रश्न : आईचं (वय ६४) कमरेचं फ्यूजन (मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन) होऊन चौदा महिने झाले. एल४ (कमरेचा चौथा मणका) ते एस१ (कमरेखालच्या त्रिकास्थीचा सगळ्यात वरचा मणका) स्क्रू आणि रॉड आहेत. सुरुवातीला बरं होतं. आता कुशीवर वळताना, उठताना कंबर धरते. एक्स-रेत सगळ्यात खालचा स्क्रू ढिला दिसतोय. तो आवळून घेता येईल का?

उत्तर : नाही. आवळता येतो तो रॉडवरचा नट. ढिला झालाय तो हाडातला भाग. भिंतीतला खिळा हलून हलून भोक रुंदावतं, तसंच. एक्स-रेत स्क्रूभोवती दिसणारी काळी कड म्हणजे ती पोकळी. एस१चा स्क्रू आधी सुटतो, कारण ताण टोकाला येतो आणि तिथलं हाड आतून जाळीदार असतं.

खरा प्रश्न वेगळाच आहे : हाड जुळलं का? धातूने फक्त हाड जुळेपर्यंत, म्हणजे सहा महिने ते वर्षभर, मणके धरून ठेवायचे असतात. हाड जुळलं नाही तर प्रत्येक वाकण्याचा भार धातूवर पडतो. मग स्क्रू सुटतो, नाहीतर रॉड तुटतो. त्यामुळे पातळ कापांचा सीटी स्कॅन करून घ्या. सोबत ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) हवेतच. स्क्रू ढिला होण्यामागे मंद जंतुसंसर्गही असतो आणि सीआरपी नॉर्मल आला म्हणून तो नाही असं होत नाही. पडून राहूनही ठणका, ताप, जखमेतून पाणी ही त्याची लक्षणं.

डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) कमरेच्या मणक्यांवर करू नका, धातूमुळे आकडा फसवा येतो. खुब्याचा किंवा मनगटाजवळचा करा. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनतेचा आकडा) -२.५ किंवा त्याखाली असेल तर हाडांच्या ठिसूळपणाचे उपचार आधी. मिश्री, तंबाखू असेल तर आजच बंद. निकोटिन हाड जुळू देत नाही.

हाड जुळलेलं असेल आणि त्रास सोसण्याजोगा असेल तर स्क्रू तसाच राहू द्यावा. टोचत असेल तर काढता येतो. जुळलं नसेल तर पुन्हा ऑपरेशन : जाड स्क्रू, हाडात भरायचं सिमेंट किंवा खाली कुल्ह्याच्या हाडात आधार, आणि नवं हाड भरणं. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

एक काम आत्ताच करा. पहिल्या ऑपरेशनच्या फाईलमधले इम्प्लांटचे स्टिकर शोधा. कंपनीगणिक स्क्रूचं डोकं वेगळं असतं. योग्य स्क्रू-ड्रायव्हर आधी मागवलेला नसेल तर ऑपरेशनच्या टेबलावर तास जातो.