क्युबेस ५ वर शिकलेलं विसरावं लागेल का?

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. मामांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर मला दिला आहे. त्यात विंडोज ७ आणि क्युबेस ५ आहे. दोन वर्षं त्यावरच गाणी रेकॉर्ड करतो, मिक्स करतो. साउंड इंजिनिअरिंगच्या एका कोर्सची चौकशी केली तेव्हा सांगण्यात आलं, की एवढ्या जुन्या सॉफ्टवेअरवर शिकलेलं सगळं विसरावं लागेल, त्याचा आवाजही आता चालत नाही. नवा कॉम्प्युटर आणि नवं सॉफ्टवेअर, दोन्हीचा खर्च घरी एकदम झेपणार नाही. पुढे स्टुडिओत किंवा फिल्मच्या साउंडमध्ये काम करायचं आहे. काय करू?

उत्तर : ‘आवाज चालत नाही’ हा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो घरबसल्या तपासता येतो. क्युबेस ५ हे २००९चं. ट्रॅकची बेरीज त्यात ३२-बिट फ्लोटमध्ये (दशांशासह आकडे साठवण्याच्या पद्धतीत) होते. ६४-बिट फ्लोटचा पर्याय क्युबेसमध्ये २०१७ साली ९.५ मध्ये आला खरा, पण या दोन बेरजांतला फरक कानाला लागण्याच्या कितीतरी खाली असतो.

पटत नसेल तर रीपर या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती उतरवून घे. ती ६० दिवस पूर्ण चालते आणि जुन्या विंडोजलाही फार जड होत नाही. पाच-सहा ऑडिओ ट्रॅक दोन्हीकडे घाल. प्लगइन (वरून जोडलेलं वाद्य किंवा इफेक्ट) एकही नको, फेडर शून्यावर, सॅम्पल रेट सारखा, डिदर (फाइल काढताना मिसळला जाणारा बारीक नॉइज) बंद. दोन्हीकडून २४-बिट वेव्ह काढ. त्या दोन फाइली एकाच प्रोजेक्टमध्ये अगदी एकाच सॅम्पलवर ठेव आणि एकीची पोलॅरिटी उलटी कर, म्हणजे दोन्हींत जे सारखं आहे ते एकमेकांना कापतं. मीटरवर जवळजवळ काहीच उरत नाही.

उरलंच, तर काय उरलं ते नीट बघ. मूळ आवाजच साधारण १०-११ डेसिबलने हळू ऐकू येत असेल तर दोन्हीकडचा पॅन लॉ (डावी-उजवीकडे वाटताना आवाज किती कमी करायचा याचा नियम) वेगळा आहे. मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक एकीकडे ३ डेसिबलने खाली येतो, दुसरीकडे येत नाही. क्युबेसमध्ये हे प्रोजेक्ट सेटअपमध्ये बदलता येतं. पातळ, पोकळ आवाज उरला तर फाइली काही सॅम्पल मागेपुढे सरकल्या आहेत. ‘या सॉफ्टवेअरचा साउंड उबदार आहे’ असल्या बऱ्याच चर्चांचं मूळ या पॅन लॉमध्ये सापडतं.

मग जुनं होत जातं ते काय? आवाज नाही, आजूबाजूचे सांधे. क्युबेस ५ ची पूर्ण आवृत्ती यूएसबी डोंगलवर (लायसन्स साठवणाऱ्या, पेनड्राइव्हसारख्या कळीवर) चालते. या डोंगलची ई-लायसेन्सर सेवा क्युबेसच्या कंपनीने मे २०२५ मध्ये बंद केली. डोंगलमधलं लायसन्स चालत राहतं, पण डोंगल हरवला किंवा तुटला तर बदली मिळण्याची वाट बंद. तेव्हा तो पुढच्या पोर्टला लोंबकळत ठेवू नकोस, मागच्या बाजूला लाव. आणि डोंगल मुळात नसेलच, तर तुझ्याकडे आहे ती क्रॅक केलेली प्रत. नोकरीच्या ठिकाणी तिच्यावर केलेलं काम उघडपणे दाखवताही येत नाही, हे स्पष्टच सांगतो.

दुसरा सांधा विंडोजचा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. हा कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून ठेव, फाइली पेनड्राइव्हवरून ने-आण कर. संपूर्ण डिस्कची इमेज दुसऱ्या हार्ड डिस्कवर घे, कारण एवढ्या जुन्या मशीनमध्ये सॉफ्टवेअर मरण्याआधी बहुधा हार्ड डिस्क जाते.

तिसरा आणि सगळ्यात त्रासदायक सांधा प्लगइनचा. विंडोज ३२-बिट असेल तर एका प्रोग्रामला साधारण २ जीबीच मेमरी मिळते. पियानोची मोठी लायब्ररी आणि त्यावर स्ट्रिंग्ज चढवल्या, की क्युबेस न सांगता बंद पडतं, ते यामुळे. नवे प्लगइन ६४-बिट असतात आणि त्यांतले अनेक विंडोज ७ वर बसतच नाहीत. उलट्या दिशेनेही तीच अडचण आहे: क्युबेस ९ पासून पुढे ३२-बिट प्लगइन चालत नाहीत. म्हणजे उद्या तू नव्या आवृत्तीत जुना प्रोजेक्ट उघडलास, तर ऑडिओ आणि मिडी (वाजवलेल्या सुरांची नोंद) दिसतील, पण वाद्यांच्या जागी ‘प्लगइन सापडत नाही’ असा निरोप येईल. म्हणून जी गाणी तुला दाखवण्याजोगी वाटतात, त्यांचा प्रत्येक ट्रॅक आजच ऑडिओ करून ठेव.

हे काम म्हणजे स्टुडिओतल्या नवशिक्या असिस्टंटचं रोजचं काम, त्यामुळे ते नीट शिकून घे. क्युबेस ५ मध्ये ऑडिओ मिक्सडाउनच्या खिडकीत चॅनल बॅच एक्स्पोर्ट आहे. सगळे चॅनल एका दमात निघतात. त्याऐवजी एकेक ट्रॅक सोलो करून मास्टरमधून काढलास, तर आधी मास्टरवरचा लिमिटर बंद कर. तो चालू राहिला तर प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा दाबला जातो आणि पुन्हा एकत्र केल्यावर तुझं मिक्स परत येत नाही. डावा लोकेटर (कुठून कुठपर्यंत काढायचं ते दाखवणारी खूण) सगळ्यांसाठी गाण्याच्या अगदी सुरुवातीला, उजवा शेवटच्या सुरानंतर पाच-सहा सेकंद पुढे, नाहीतर रिव्हर्बची शेपटी कापली जाते. मोनो रेकॉर्ड केलेला आवाज मोनोच काढ. गायनाचा कोरडा ट्रॅक वेगळा, इफेक्टसकटचा वेगळा. सोबत टेम्पोसहित मिडी फाइल, रफ मिक्स आणि सॅम्पल रेट, टेम्पो, पट्टी लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल. शेवटी हे सगळं रीपरच्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये ओढून वाजवून बघ. ही पायरी लोक गाळतात आणि समोरच्याचा फोन आल्यावर धावपळ करतात.

आता ‘विसरावं लागेल’ या वाक्याबद्दल. गेन स्टेजिंग (प्रत्येक टप्प्यावर आवाजाची पातळी सांभाळणं), इक्यू, कॉम्प्रेसरचा अटॅक-रिलीज, कॉम्पिंग (अनेक टेकमधले चांगले तुकडे जोडणं), ऑटोमेशन यातलं काहीही आवृत्तीबरोबर बदलत नाही. सूर दुरुस्त करण्याचं व्हॅरिऑडिओ आणि कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या जागेच्या घुमण्याची नक्कल) ही दोन्ही क्युबेस ५ मध्येच आली होती. बफरचा (प्रक्रियेसाठी थोडा साठवून ठेवलेल्या आवाजाचा) हिशेबही तोच: ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे एका दिशेला ५.८ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३. गायकाला हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो ही तक्रार नव्या मशीनवरही याच आकड्यावरून सोडवायची असते.

जे खरंच नाही, ते सांगतो. लाउडनेस एलयूएफएसमध्ये मोजणारा मीटर क्युबेस ५ मध्ये नाही. प्रसारण आणि स्ट्रीमिंगचं काम आज त्या एककात चालतं, तेव्हा रीपरमध्ये ते मोजायला शीक. रेंडर इन प्लेस (ट्रॅक जागच्या जागी ऑडिओ करणं) नाही, ते क्युबेस ८ मध्ये आलं. तोवर फ्रीझवर भागव. आणि अ‍ॅटमॉस (चहूबाजूंच्या आणि वरच्या स्पीकरसाठीचं मिक्स) नाही.

इथे तुझ्या इच्छेचे दोन भाग वेगळे करावे लागतील. गाण्यांचं रेकॉर्डिंग-मिक्सिंग किंवा स्वतःचं संगीत असेल तर सॉफ्टवेअर कोणतं हे कोणी फारसं विचारत नाही. तयार फाइल बरोबर आहे का, एवढंच बघतात. फिल्मच्या साउंडमध्ये मात्र प्रो टूल्स हे सॉफ्टवेअर आलंच पाहिजे. एडिटरकडून एएएफ (एडिट केलेला प्रोजेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी फाइल) येतं, ते उघडून संवाद, इफेक्ट्स, संगीत वेगळं लावायचं, चित्राच्या फ्रेम रेटशी जुळवायचं, आणि हे कीबोर्डवरून झपाट्याने करायचं. तिथे क्युबेस ५ चा उपयोग नाही. प्रो टूल्समध्ये अ‍ॅटमॉस २०१७ पासून आहे, त्यामुळे जुन्या प्रो टूल्सवर शिकवणारा कोर्सही तुला अर्धवटच सोडेल.

म्हणून खर्चाचा क्रम असा धर. या वर्षी सॉफ्टवेअरवर काहीही घालू नकोस. पैसे साठले की आधी कॉम्प्युटर. पण घेण्यापूर्वी तुझ्या ऑडिओ इंटरफेसला नव्या विंडोजचा ड्रायव्हर आहे का ते पाहा. नसेल तर तोही खर्च धरावा लागेल. नव्या कॉम्प्युटरवर प्रो टूल्स इंट्रो टाक. ती फुकट आवृत्ती आहे, आठ ऑडिओ ट्रॅकची मर्यादा आहे, पण शॉर्टकट आणि एडिटिंग हाताला बसायला तेवढं पुरतं. जुना कॉम्प्युटर विकू नकोस, जुने प्रोजेक्ट उघडण्यासाठी तो लागेल.

कोर्सवाल्यांकडे पुन्हा गेलास तर तीन गोष्टी विचार: प्रो टूल्सची कोणती आवृत्ती शिकवता, एका मशीनवर किती विद्यार्थी बसतात, आणि खऱ्या प्रोजेक्टचं एएएफ आम्हाला स्वतः उघडायला मिळतं का. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं, तर फी भरू नकोस.