नैरोबीला मुलांना घेऊन येताय? मग ‘मोफत शिक्षण’ म्हणजे काय ते आधी समजून घे

प्रिय स्वप्नाली,

तुझा निरोप काल रात्री वाचला. यजमानांना नैरोबीत नोकरी लागते आहे, पगार चांगला आहे, पण ऑफर लेटरमध्ये मुलांच्या शाळेचा खर्च धरलेला नाही. विचारलं तर कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की केनियात शिक्षण मोफत आहे, घटनेतच तसं लिहिलंय. मुलगी तिसरीत, मुलगा मोठ्या शिशुत. सही करावी का, एवढं तू विचारलं आहेस.

शाळेची फी लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका, हे पहिलं सांगते. बाकीचं सावकाश वाच. आम्ही 2014 साली इथे आलो तेव्हा मला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं.

घटनेत लिहिलंय हे अगदी खरं. केनियाच्या 2010 च्या घटनेतलं 53 वं कलम प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या मूलभूत शिक्षणाचा हक्क देतं. आपल्याकडचा आरटीई कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. इथे मूलभूत शिक्षणात बालवर्गापासून माध्यमिक शाळेपर्यंत सगळं येतं. त्याखालचा मूलभूत शिक्षण कायदा 2013 चा. त्याच्या 29 व्या कलमात म्हटलंय की सरकारी शाळेने शिकवण्याची फी घ्यायची नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की जे केनियाचे नागरिक नाहीत त्यांच्याकडून ती घेता येईल. म्हणजे तुझ्या मुलांना कुणी दार बंद केलेलं नाही, पण फुकट मिळेल असं कंपनीने गृहीत धरायचं कारण नाही.

आणि फी माफ झाली तरी मी तुला सरकारी शाळा सुचवली नसती. मुलांना स्वाहिली येत नाही, वर्गात सत्तर-ऐंशी मुलं असतात, आणि तुम्हाला दोन-चार वर्षांत परत जायचं असेल तर तिथे जुळवून घेताना त्यांचे हाल होतील. इथली आपली बहुतेक मंडळी खासगी शाळेतच घालतात. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत एका टर्मची फी लाख शिलिंगच्या वर सहज जाते, वर्षाला तीन टर्म असतात, आणि तुला दोन मुलं आहेत. एक शिलिंग म्हणजे साधारण पासष्ट-सत्तर पैसे धर. वर प्रवेशाचे पैसे, अनामत, बस आणि जेवण वेगळं. हे सगळं कंपनीने द्यायचं, असं स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. ‘शिक्षण भत्ता विचाराधीन’ असल्या वाक्यावर समाधान मानू नका.

केनियाच्या अभ्यासक्रमाच्या चांगल्या खासगी शाळाही आहेत आणि त्या बऱ्याच स्वस्त पडतात. माझं मत विचारशील तर धाकट्यासाठी त्यांचा जरूर विचार कर. माझ्या दोघी ब्रिटिश अभ्यासक्रमात शिकल्या. सात वर्षं पार्कलंड्समध्ये राहूनही त्यांना दुकानदाराशी स्वाहिलीत चार वाक्यं धड बोलता येत नव्हती. मला ते फार लागलं. ज्या देशाचं अन्न खातो त्या देशाची भाषा मुलांना यायला हवी.

आता ज्यासाठी हे पत्र एवढं लांबवते आहे ते सांगते. ‘मोफत शिक्षण’ हे इथे नुसतं कागदावरचं वाक्य नाही. त्याने लाखो मुलांचं आयुष्य बदललं. जानेवारी 2003 मध्ये म्वाई किबाकी यांचं सरकार नुकतंच आलं होतं आणि त्यांनी प्राथमिक शाळेची फी रद्द केली. प्राथमिक शाळांतली मुलं 59 लाखांवरून 72 लाखांवर गेली, एका वर्षात. पुढच्या वर्षी एल्डोरेटजवळ किमानी मारुगे नावाचे 84 वर्षांचे आजोबा गणवेश शिवून, शाळेचे मोजे चढवून पहिलीत जाऊन बसले. फी नाही म्हणता ना, मग मलाही शिकवा, असं त्यांचं म्हणणं. 2009 साली ते गेले, पण इथे कुणालाही त्यांचं नाव विचार, माहीत असतं.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. 1974 ला पहिल्या काही इयत्तांची फी गेली, 1979 ला उरलेले आकार गेले आणि शाळेत दूध सुरू झालं. पन्नाशीतल्या केनियन माणसाला ‘न्यायोचं दूध’ म्हण (न्यायो हे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांचं घोषवाक्य), त्रिकोणी पाकिटाची आठवण काढून चेहरा खुलतो. मग ऐंशीच्या दशकाअखेरीस सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला, कर्ज देणाऱ्यांच्या अटी आल्या, शाळेचा खर्च पालकांनी वाटून घ्यावा असं ठरलं आणि मुलं गळायला लागली. दिलेला हक्क असा परतही जातो. मी कागलची. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याची किंमत मला कळली ती इथे, नैरोबीतल्या कांगेमी वस्तीच्या एका सरकारी शाळेच्या ऑफिसात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी मामा ब्रायन, म्हणजे ब्रायनची आई, म्हणते. इथे आईला मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आहे (नाव मी बदललंय). 2024 च्या फेब्रुवारीत एका सकाळी त्या मुलाला सोबत घेऊन आल्या. पाचवीतला पोरगा, शाळेचा स्वेटर घातलेला, दप्तर पाठीला, आणि शाळेच्या वेळेला माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेला. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, पाचशे शिलिंग राहिलेत, म्हणून घरी पाठवलं. कसले पाचशे? जादा तासांचे आणि परीक्षेच्या कागदाचे. मी म्हटलं, अहो शाळा तर मोफत आहे ना? त्यांनी एप्रनच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. जानेवारीत शाळेने दिलेली यादी होती. दोन स्वेटर, काळे बूट, एक रीम कागद, टॉयलेट पेपरचे रोल, झाडू, डेस्क दुरुस्तीचे पैसे. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी पेन्सिलने बरोबरची खूण केली होती. शेवटच्या ओळीपुढे नव्हती.

इथे जानेवारीला लोक ‘न्जानुअरी’ म्हणतात. न्जा म्हणजे भूक. नाताळला गावी जाऊन आलेलं असतं, घरभाडं उभं असतं आणि त्याच आठवड्यात शाळा उघडते. स्वाहिलीत मोफत शिक्षणाला ‘एलिमु या बुरे’ म्हणतात. बुरे म्हणजे फुकट, आणि त्याचाच दुसरा अर्थ व्यर्थ, निरुपयोगी. मामा ब्रायन तो शब्द उच्चारताना कोणता अर्थ मनात धरतात ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर शाळेत गेले. रागावूनच गेले होते. मुख्याध्यापकबाईंनी शांतपणे वही उघडून दाखवली. सरकारकडून प्राथमिकच्या एका मुलामागे वर्षाला 1,420 शिलिंग ठरलेले आहेत, म्हणजे आपले साडेनऊशे रुपये. त्यात पुस्तकं, खडू, वीज, पाणी, दुरुस्ती, सगळं बसवायचं. तेही हप्त्याहप्त्याने येतात आणि वेळेवर येत नाहीत. त्या टर्मचा हप्ता तोवर आलेला नव्हता. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, एका डेस्कवर चार-चार मुलं, कडेच्याची अर्धी मांडी बाहेर. आणि तरीही बाई फळ्यावर अपूर्णांक इतके नेटके समजावत होत्या की मी दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. त्या शाळेला नावं ठेवायची माझी इच्छा तिथेच गळाली. पैसा वरून आलाच नाही तर खालची माणसं तो गरिबाच्या खिशातून काढतात, दुसरीकडे कुठून काढणार?

पण मुलाला घरी पाठवणं चूकच होतं आणि ते मी सांगितलं. कायद्यात साफ आहे: इतर आकार मंजुरी घेऊन लावता येतात, पण ते भरले नाहीत म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत यायला नाकारायचं नाही, आणि पैसे घेतले तर अधिकृत पावती द्यायची. मी कलमाचा क्रमांक सांगितला आणि पावती मागितली. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, सोमवारी पाठवा. सोमवारी ब्रायन वर्गात होता. आज तो सातवीत आहे, त्याच आवारातल्या ज्युनिअर स्कूलमध्ये.

मामा ब्रायनना तो कायदा माहीत नव्हता. त्यांना जे सहज मिळायला हवं होतं ते माझ्यासारखी परकी बाई सोबत गेली म्हणून मिळालं, हे अजून मनात सलतं. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून त्या दोन-तीन ओळी स्वाहिलीत लिहून काढल्या आणि त्यांच्या चामामध्ये, म्हणजे आपल्या भिशीसारख्या बायकांच्या गटात, वाटल्या. आता तिथल्या तीन-चारजणी पावती मागतात.

चांगलंही घडतंय, तेही सांगते. 2023 पासून नैरोबीच्या सरकारी प्राथमिक शाळांत दुपारचं जेवण पाच शिलिंगला मिळतं. मुलाच्या मनगटाला एक पट्टा असतो, आईने मोबाइलवरून पैसे भरायचे, मुलाने पट्टा यंत्राला टेकवायचा आणि ताट घ्यायचं. भात, घेवडा, कधी हिरवे मूग. पैसे कुणाचे भरलेत, कुणाचे नाहीत हे पोरांच्या रांगेत ओरडून सांगायला लागत नाही. मला यातलं सगळ्यात जास्त तेच आवडलं.

माध्यमिकचं मात्र अजून अवघड आहे. दिवसाच्या शाळेत मुलामागे 22,244 शिलिंग सरकारने द्यायचे ठरलंय, पण पूर्ण रक्कम पोचत नाही. वसतिगृहाच्या नामांकित सरकारी शाळेत पालकांचा वाटा वर्षाला 53,554 शिलिंग, म्हणजे पस्तीस-छत्तीस हजार रुपये. हुशार मुलाला तिथे जागा मिळते आणि घरात आनंदाऐवजी चिंता सुरू होते. मग गावाकडे हरांबे होते, सगळे वर्गणी काढतात. स्वातंत्र्यानंतर कितीतरी माध्यमिक शाळा अशाच लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. आपल्याकडे मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालली, त्याच जातीचा प्रकार. आणि नैरोबीतल्या मथारे, मुकुरूसारख्या गरीब वस्त्यांत सरकारी शाळाच पुरेशा नाहीत, त्यामुळे सगळ्यात गरीब आईबाप पत्र्याच्या खोलीतल्या खासगी शाळेला फी भरतात. हक्क घटनेत आहे, पण चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा नाही.

कंपनी पुढे दार-एस-सलाम किंवा कंपालाला बदली करेल असं तू लिहिलंस. युगांडात प्राथमिक 1997 पासून मोफत झालं, टांझानियात 2016 पासून माध्यमिकच्या चौथ्या वर्गापर्यंत. तुमच्यासाठी तिथेही हिशेब हाच राहील, फी कंपनीकडूनच घ्या.

तू आलीस की घरी कुणीतरी कामाला येईलच, इथे तसाच रिवाज आहे. पगार ठरवताना मुलं किती आणि कोणत्या इयत्तेत, हे विचार. डिसेंबरचा पगार नाताळला दे, पण जानेवारीची थोडी उचल शाळा उघडायच्या आधी हातात ठेव. जुने कपडे, जुनी दप्तरं देण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. आणि मूल शाळेच्या वेळेत घरी दिसलं तर का, ते विचार.

कागदपत्रांचं: दोन्ही मुलांचे इंग्रजीतले जन्मदाखले, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाचं कार्ड, सगळं हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकू नकोस. केनियाच्या अभ्यासक्रमाचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, ब्रिटिशचं सप्टेंबरात. जुलैअखेर पोचलात तर प्रवेशपरीक्षा द्यायला महिना मिळेल. ऑफर लेटरचा फीचा परिच्छेद हातात आला की मला पाठव, सही करायच्या आधी मी एकदा वाचते.

तुझी ताई