मयताची सही, कोरा फॉर्म आणि १९९४ ची राजदूत

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका तरुण वाचकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये गॅरेजवाल्याकडून १९९४ ची राजदूत १७५ नऊ हजारांना घेतली. सोबत जुनं आरसी बुक आणि मूळ मालकाची सही असलेले टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे नमुना २९ आणि ३०. त्यावर ना तारीख, ना घेणाऱ्याचं नाव. मग दोन वर्षं इंजिनकाम, सँडब्लास्टिंग, पावडर कोटिंग, क्रोम. खर्च पन्नास हजारांच्या घरात. यंदा गड्ड्याच्या यात्रेत गाडी उभी असताना एकाने नंबर ओळखला. “ही आमच्या अण्णांची गाडी.” अण्णा मोहोळ तालुक्यातले दूधवाले, जून २०२३ मध्ये वारले. मुलगा म्हणतो, गाडी द्या नाही तर तीस हजार द्या. एजंट म्हणतो, फॉर्मवर मे २०२३ ची तारीख टाकू, पाच हजारांत नाव चढवून देतो. वाचक विचारतात, एजंटचं ऐकू का, आणि गॅरेजवाल्यावर केस होईल का?

एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, सक्तीची झाल्यापासून अशी पत्रं वाढली आहेत. जुनी गाडी, दोन-तीन हात फिरलेली, मूळ मालक हयात नाही किंवा सापडत नाही, आणि सगळी भिस्त सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर. गाडी घेण्याआधी काय तपासायला हवं होतं, हे आता सांगण्यात अर्थ नाही. एवढंच म्हणतो, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुम्ही टाकीचा रंग मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढून मारलात, पण विजापूर रोडवरच्या आरटीओत एक चक्कर मारली नाहीत. मारली असती तर अण्णा गेल्याचं तेव्हाच कळलं असतं आणि घरच्यांकडून सह्या नऊ हजारांच्या भंगार गाडीसाठी मागता आल्या असत्या. आज त्या चकचकीत गाडीसाठी मागायच्या आहेत. मुलाने तीस हजार म्हटले, ते तुमच्या क्रोमकडे बघूनच.

एजंटचं ऐकू नका. माणूस गेल्यावर त्याच्या सहीच्या कोऱ्या कागदावर तो जिवंत असतानाची तारीख टाकणं म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणं, आणि तो आरटीओत दाखल करणं हा वेगळा गुन्हा. भारतीय न्याय संहितेची कलमं ३३६ आणि ३४० त्यासाठीच आहेत. एजंट पाच हजार घेऊन बाजूला होईल. अर्जावर नाव तुमचं असेल. शिवाय मुलगा आधीच तक्रारीच्या तयारीत आहे आणि मृत्यूचा दाखला त्याच्या हातात आहे. मे महिन्यात अण्णा अंथरुणाला खिळलेले होते असं त्याने नुसतं म्हटलं, तरी आज जो व्यवहाराचा वाद आहे तो फौजदारी होऊन बसेल.

तुमच्या प्रकरणात एकाच तारखेला महत्त्व आहे, आणि ती फॉर्मवरची नाही. गॅरेजवाल्याने ही गाडी अण्णांकडून घेतली कधी?

तुम्ही लिहिता, तो ‘२०२२ मध्ये घेतली’ म्हणतो. हे खरं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. गाडी ही जंगम वस्तू. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे, विक्रीचा इरादा होता, किंमत ठरली आणि गाडी ताब्यात दिली, की मालकी सहसा त्याच वेळी जाते. आरसी बुकावर नाव चढेपर्यंत ती थांबत नाही. म्हणजे अण्णांनी हयातीत गाडी विकली असेल तर मुलांना वारसाने गाडी मिळालीच नाही. त्यांच्याकडे राहिलं ते फक्त कागद पूर्ण करून देण्याचं काम. पण गाडी अण्णा गेल्यावर एखाद्या मुलाने परस्पर फुंकली असेल, तर गॅरेजवाल्याला मिळाला तो फार तर त्या एकाचा हिस्सा, आणि स्वतःजवळ नसलेली मालकी तो तुम्हाला देऊ शकत नाही. कलम २७ तेच सांगतं. अशा वेळी मुलाची मागणी चढी असली तरी पोकळ नाही.

तेव्हा या आठवड्यात गॅरेजवाल्याकडे जा. भांडायला नको, पुरावा आणायला. फोनपेची नोंद, वहीतली ओळ, गाडी आणली त्या दिवशीचा फोटो, सौद्याला हजर असलेला माणूस, काहीही चालेल. मिळालं की त्याच्याकडून तारखेसह लिहून घ्या आणि नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून घ्या. तो टाळाटाळ करू लागला, तर ‘२०२२’ वर माझा विश्वास राहणार नाही. तुमचाही राहू नये.

पुरावा मिळो न मिळो, आरटीओतली वाट एकच आहे आणि ती अण्णांच्या घरावरून जाते. नोंदणीकृत मालक मयत झाला की गाडी आधी वारसाच्या नावावर जाते, नमुना ३१ भरून, मृत्यूच्या दाखल्यासह. मग तो वारस नमुना २९ आणि ३० वर तुम्हाला देतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५६ मध्ये यासाठी तीन महिने दिलेत. ते केव्हाच उलटले, तरी दार बंद होत नाही. उशिराची रक्कम भरावी लागेल. वारस म्हणजे फक्त तुम्हाला यात्रेत भेटलेला मुलगा नव्हे. पत्नी, सगळी मुलं, सगळ्या मुली, आणि अण्णांची आई हयात असेल तर तीही. लातूरला दिलेल्या मुलीची संमती घ्यायची राहते आणि काम तिथे अडतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की वारसांची यादी मागताना पहिला प्रश्न मुलींचाच विचारतो. दुचाकीसाठी आरटीओ बहुधा प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांचं ना-हरकत यावर भागवतं. कोर्टातून वारस दाखला आणा म्हणाले, तर जाहीर नोटीस, हरकतीची मुदत आणि तारखांवर तारखा, म्हणून तिथवर जाऊ नये हे बरं.

मुलाने सही का करावी? कारण त्यात त्याचंही हित आहे, आणि हे त्याला शांतपणे सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात हेच धरलं, की गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणी बदलली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते. इथे तो मालक हयात नाही, म्हणजे वारसांनी त्याच्या मिळकतीतून काय घेतलं तिथवर दावेदार पोचू शकतात. राजदूतवरून उद्या कुणाला धडक बसली तर नोटीस मोहोळला जाईल. ही त्याला धमकी वाटू देऊ नका. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घ्या. २०२२ चा पुरावा हाती असेल तर कागदांचा खर्च आणि वर थोडं मानपानाचं, यापलीकडे देऊ नका. नसेल तर तीस हजारांवरून खाली आणा, पण सौदा करा, आणि पैसे सगळ्या वारसांच्या सह्या झाल्यावरच द्या.

गॅरेजवाल्यावर केस? ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत गेल्या नोव्हेंबरात संपली. विलंबमाफीचा अर्ज देता येतो, पण कारण काय लिहिणार, कोटिंग चालू होतं? दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं. ती अण्णांचा मृत्यू कळला तेव्हापासून मोजावी असं म्हणता येईल, पण त्या वादावर विसंबू नका. येत्या नोव्हेंबरच्या आत नोटीस आणि गरज पडली तर दावा, असं धरून चाला. मात्र नऊ हजारांसाठी दिवाणी कोर्टात उभे राहिलात तर निकालापर्यंत राजदूत नियमाप्रमाणे व्हिंटेज होईल, आणि त्यासाठी पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. नोटिशीचा खरा उपयोग गॅरेजवाल्याला प्रतिज्ञापत्रापर्यंत आणण्यासाठी.

आरसीची मुदत २०२४ मध्ये संपल्याचं तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, सोबत पर्यावरण कर आणि उशिराचं शुल्क. दर बदलतात, परिवहनच्या साइटवर त्या दिवशीचे बघा. नोंदणी आणि विमा दोन्ही चालू होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतही नाही.

राहिला चेसिस नंबर. नूतनीकरणाला गाडी निरीक्षकासमोर न्यावी लागते आणि तिथे नंबर वाचला जातो. ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगमध्ये कोरलेले आकडे बुजतात. पेंट रिमूव्हर लावून मऊ ब्रशने तेवढा पट्टा मोकळा करा. ग्राइंडर लावू नका आणि कुणी ‘पुन्हा पंच करून देतो’ म्हणालं तर तिथून निघा. नव्याने ठोकलेला नंबर दिसला की गाडी चोरीची असल्याचा संशय आलाच. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, तेव्हा केस बदलली असेल तर तेही आधी कळवा. कोटिंगचं बिल आणि काम सुरू होण्याआधीचे फोटो सोबत ठेवा, निरीक्षक नक्की विचारतील.