साइडबॉटम आडनावाचा अर्थ तो नव्हे

प्रश्न असा आलाय की इंग्लंडचा तो कुरळ्या झिपऱ्यांचा डावखुरा फास्ट बोलर रायन साइडबॉटम, त्याचं आडनाव असलं कसं आणि अर्थ आपल्याला वाटतो तोच आहे का. तर नाही. २००७ ला आपली टीम तिकडे गेली होती तेव्हा टीव्हीसमोर बसून मीही या नावावर भरपूर खिदळलोय, त्यामुळे नंतर खरा अर्थ कळल्यावर जरा ओशाळलो होतो.

आधी बॉटम बघू. जुन्या इंग्रजीत 'बोत्म' म्हणजे तळ, आणि त्यावरून दरीचा तळ, दोन टेकड्यांच्या मधली सखल जमीन. बसायच्या जागेला बॉटम म्हणायची पद्धत पडली अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, आणि ही आडनावं तर त्याच्या कितीतरी आधीची, म्हणजे नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात तसलं काही असणं शक्यच नाही. आपल्या बूड शब्दाचंही तेच आहे की, पातेल्याचं पण बूड आणि 'जरा बूड टेक' मधलं पण बूड. संस्कृतातला बुध्न, म्हणजे तळच, हा तर बॉटमचा लांबचा भाऊबंद आहे.

आता साइड. ही बाजू नाही, जुन्या इंग्रजीत 'सीद' म्हणजे रुंद, ऐसपैस. तर रुंद दरीत राहणारे ते साइडबॉटम, आपल्या हिशोबाने दरेकर म्हणा.

चेशर, लँकेशर, यॉर्कशर हा सगळा पट्टा टेकड्या-दऱ्यांचा, त्यामुळे तिकडे असल्या बॉटमांची रांगच लागलीय. लाँगबॉटम म्हणजे लांब दरी, विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं चारायची दरी (वॉल्टर विंटरबॉटम इंग्लंडच्या फुटबॉल टीमचा पहिला मॅनेजर, १९४६ पासून), आणि रॅम्सबॉटम हे तर मूळचं लँकेशरमधलं, १९७४ पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेलेलं अख्खं गाव आहे, तिथल्या रॅम्सचा अर्थ काही जण मेंढा लावतात आणि काही जण रानलसूण. मला रानलसूणच आवडते, ओलसर दरीत ती माजते पण भरपूर.

खरी गंमत पुढेच आहे. इंग्लंडचा गाजलेला ऑलराउंडर इयान बोथम, त्याचं बोथम पण याच 'बोत्म'मधून आलंय, त्याला कोणी हसत नाही कारण स्पेलिंग आणि उच्चार वेगळे पडले. आणि रायनचे वडील आर्नी साइडबॉटम आयुष्यात एकच टेस्ट खेळले, १९८५ ला ट्रेंट ब्रिज मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध, त्या टीममध्ये बोथमही होता, म्हणजे एकाच इलेव्हनमध्ये दोन दऱ्या!

उच्चाराचं म्हणाल तर या आडनावाची काही घराणी चिडवणं टाळायला स्वतःला 'सिडीबटोम' म्हणवून घेतात आणि काही जण स्पेलिंगच बोथमसारखं करतात. रायनला मात्र कॉमेंटेटर सरळ साइडबॉटमच म्हणायचे.