परभणीहून डिसेंबरात तारकर्लीला जातोय, मुलांना डॉल्फिन दाखवायचेत. बोट किती वाजताची घ्यावी?

सकाळची पहिलीच बोट घ्या, शक्यतो सात-साडेसातची. दुपारकडं समुद्रावरून वारा सुटतो, लाटांवर फेस येतो आणि त्यात डॉल्फिनची पाठ ओळखू येत नाही. सकाळी पाणी शांत असतं. मी लातूरहून दोनदा गेलो, एकदा दुपारी आणि एकदा सकाळी. डॉल्फिन सकाळीच दिसले. या किनाऱ्याजवळ हंपबॅक जातीचे राखाडी डॉल्फिन असतात. आधी ‘फुस्स’ असा श्वास ऐकू येतो, मग पाठ वर येते आणि पाठीवरच्या पराखाली मागं-पुढं पसरलेला उंचवटा दिसतो. उड्या मारतील ही आशा मुलांना लावू नका, श्वास घेण्यापुरते वर येऊन ते लगेच खाली जातात. म्हणून मोबाईल खिशात ठेवा आणि डोळे पाण्यावर.

आपल्याला जायकवाडीच्या पाण्याची सवय, समुद्र तसा नसतो, बोट हलते. उपाशी नको आणि पोट गच्च भरूनही नको. मळमळ होत असेल तर बोटीच्या मधोमध बसा, लांब क्षितिजाकडं बघा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधीच. लाईफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का, ते बोटीत चढण्यापूर्वी बघा.

एक मात्र आहे, दिसतीलच याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. जवळ नेतो म्हणून कुणी कळपामागं बोट पळवत असेल तर थांबवा. डॉल्फिनना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि अशा पाठलागात पिल्लांची आईपासून ताटातूट होऊ शकते. इंजिन मंद ठेवून थांबलं की तेच कधी कधी जवळ येतात.