इराणी इमारतींवरून सुचलेली, माणसाच्या आतला उजेड-अंधार दाखवणारी कला कुणी केलीय का?

हो केलीय ना, माझ्यासाठी पहिलं नाव मोनीर शाहरूदी फर्मानफर्माइयान. या बाई मूळच्या इराणमधल्या कझवीनच्या, शिकल्या न्यूयॉर्कमध्ये, आणि शिराजच्या शाह चेराग दर्ग्यात गेल्यावर तिथलं आरशांचं काम बघून पार हलून गेल्या. तिथे भिंती, छत, कमानी सगळं आरशाच्या बारीक तुकड्यांनी मढवलंय, आयनाकारी म्हणतात त्याला. मग उस्ताद मोहम्मद नविद नावाच्या कारागिराला सोबत घेऊन त्यांनी तेच काम त्रिकोण, षटकोन अशा भूमितीत मांडलं.

आता लोक म्हणतात आरसे म्हणजे उजेड, विषय संपला. मला ते अजिबात पटत नाही. एक षटकोन जवळून बघा, प्रत्येक तुकडा शेजारच्यापेक्षा किंचित तिरका असतो, त्यामुळे तुमचा चेहरा अख्खा कुठेच दिसत नाही, एका तुकड्यात डोळा, दुसऱ्यात खोलीचा काळा कोपरा, तिसऱ्यात दिव्याची तिरीप, आणि अर्धं पाऊल सरकलात की जिथे उजेड होता तिथे अंधार येतो. म्हणजे दोन्ही एकाच काचेत, कुठलं दिसणार ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर! आणि हे सगळं करणाऱ्या बाईचं इराणच्या 1979 च्या क्रांतीत घर गेलं, बरंचसं काम गेलं, पुढे कित्येक वर्षं त्या परदेशातच होत्या, तरी परत येऊन पुन्हा आरसेच कापायला घेतले. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पण हा खेळ इमारतींमध्ये आधीपासूनच आहे बरं का. इस्फहानची शेख लुत्फुल्ला मशीद (1603 ते 1619) घ्या, तिला ना मिनार ना अंगण, चौकातल्या रणरणत्या उन्हातून थेट एका अंधाऱ्या बोळात शिरायचं, तो बोळ किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या, दिशेसाठी वळतो, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत तुम्ही घुमटाखाली पोचलेले असता, जिथे जाळ्यांमधून गाळून आलेला उजेड पिवळसर टाइल्सवर सांडलेला असतो. तो बोळ नसता तर घुमट एवढा उजळ वाटला नसता असं मला वाटतं.

मोनीरबाई 2019 मध्ये गेल्या. तेहरानमध्ये त्यांच्या नावाचं म्युझियम आहे, 2017 ला उघडलं. तिकडे जाणं जमत नसेल तर नेटवर फोटोंऐवजी व्हिडिओ शोधा, फोटोत तुकडे हलत नाहीत आणि खरी गंमत तर त्यातच आहे.