लॅपटॉपचे हप्ते आणि पसंतीक्रमाचा फॉर्म

पत्र (थोडक्यात): मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका इलेक्ट्रिकल कंपनीत बावीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली, आता सुपरवायझर आहे. राहायला सिडकोत. मुलाला बारावी सायन्सला बरे मार्क आहेत, एमएचटी-सीईटीला ९१ पर्सेंटाइल. कॉम्प्युटर नाहीतर एआय हे घरात आधीपासून ठरलेलं, म्हणून निकालाची वाट न बघता १ लाख १५ हजारांचा गेमिंग लॅपटॉप हप्त्यावर घेऊन दिला. पंधरा दिवस झाले, कोडिंगची एक ओळ लिहिलेली नाही. गेम लावतो, पण धड खेळतही नाही, कोपऱ्यातले आकडे बघून वहीत उतरवत बसतो. पंख्याचा आवाज एवढा की त्याची आई म्हणते, घरात दिवसभर मिक्सर चालू आहे. आता म्हणतो, मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रिकल घेतो. मग एवढा लॅपटॉप घेतला कशाला? मी आयुष्यभर हात काळे केले, त्याने तरी एसीत बसावं. कॉम्प्युटर लागत नसेल तर इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, पैसे भरून घेऊ का? वहीचे फोटो सोबत पाठवतोय. तुम्हीच बघा आणि त्याला समजवा.

नमस्कार.

वहीची पानं मोठी करून शेवटपर्यंत वाचली. समजवायचं आहे, पण मुलाला नाही.

आधी हप्त्यांचं बोलू. तुमच्या पत्रात मुलाच्या आवडीबद्दल एक वाक्य आहे आणि हप्त्याबद्दल प्रत्येक परिच्छेदात काही ना काही आहे. जेवायला बसल्यावर हप्ता, त्याने गेम लावला की हप्ता, मित्र घरी आला तर त्याच्यासमोरही हप्ता. तुम्ही स्वतःच लिहिलंय की परवा तो म्हणाला, ‘परत देऊन टाका, मला नको,’ आणि तुम्हाला त्याचा राग आला. मला त्याची काळजी वाटली. निकाल लागण्याआधी, शाखा ठरण्याआधी, त्याने मागितलेला नसताना तुम्ही एक वस्तू आणलीत आणि आता तिची किंमत त्याच्या चार वर्षांतून वसूल करायला निघालात. याला भेट म्हणत नाहीत. उसनवारी म्हणतात, आणि तीही न विचारता गळ्यात घातलेली. हप्ते तुमच्या पगारातून जातात, ते ठरवलंतही तुम्ही, तेव्हा त्यांचा हिशेब आजपासून जेवणाच्या ताटावर आणू नका. हे कडक वाटेल, पण पत्र तुम्ही सल्ल्यासाठी लिहिलंय.

दुसरं वाक्य मला जास्त टोचलं. ‘मी आयुष्यभर हात काळे केले.’ बावीस वर्षं एका कारखान्यात टिकून, ऑपरेटरचे सुपरवायझर होऊन, मुलाला सायन्सला घालून लाखाचा लॅपटॉप घेऊन देणारा माणूस स्वतःच्या कामाबद्दल असं बोलतो, तेव्हा मुलगा काय शिकतो? तो शिकतो की बाबा जे करतात ते हलकं. आणि तरीही तो मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल म्हणतोय. तुमच्या अपमानाला न जुमानता तुमच्याच वाटेवर येऊ पाहतोय. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कित्येक घरांत मी हे पाहते. ज्या एमआयडीसीवर घर उभं राहिलं, तिचं नाव काढलं की बाप तोंड फिरवतो. शॉप फ्लोअरवरचा उन्हाळा, पाळ्या, कंत्राटी कामगारांची ओढाताण तुम्ही जवळून पाहिलीत, ती मी नाकारत नाही. पण तुम्ही आत शिरलात त्या दारातून तो शिरणार नाही. आणि एसी म्हणाल तर टेस्ट लॅबलाही असतो.

आता वहीकडे येते, कारण मला त्यात वेळ वाया घालवणारा मुलगा दिसला नाही.

पहिल्या पानावर नवा लॅपटॉप घेतलेल्या कोणत्याही मुलाची खुशी आहे. कीबोर्डचे रंग, १६५ हर्ट्झच्या स्क्रीनवर माउस कसा लोण्यासारखा सरकतो, बॅगेत चार्जरच विटेएवढा. दुसऱ्या पानापासून खुशी संपते आणि शंका सुरू होतात. लॅपटॉप गादीवर ठेवून तोच गेम, तोच नकाशा, वीस मिनिटं: प्रोसेसर ९६ अंश. टेबलावर: ९१. मागची बाजू दहावीच्या भूमितीच्या दोन पुस्तकांवर उचलून: ८६. खाली त्याने बाणाने दाखवलंय की हवा खालून आत जाते, मागून आणि बाजूने बाहेर पडते आणि गादी तिचं तोंडच बंद करते. पुढच्या पानावर चार्जर काढून घेतलेलं रीडिंग: सेकंदाला ९५ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, येत होत्या, त्या ४० वर आल्या. समासात प्रश्न: ‘बॅटरी मोठी का देत नाहीत?’

मग मित्राचा लॅपटॉप घरी आणला. दोघांच्याही खोक्यावर आरटीएक्स ४०६० हेच ग्राफिक्स कार्ड. मित्राच्याकडे तोच गेम ७० फ्रेमवर. दुकानात कुणी सांगितलं नसेल, पण याने शोधून काढलं की लॅपटॉपमधलं ते एकच कार्ड कंपन्या ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या ताकदीवर बसवतात. नाव तेच, वीज वेगळी, म्हणून काम वेगळं. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून तिथे वॅट कमी. हा मुद्दा कॉलेज रोडवर लॅपटॉप घ्यायला जाणाऱ्या दहांतल्या नऊ पालकांना माहीत नसतो. तुमच्या मुलाने तो जाहिरात वाचून नाही, मोजून काढला.

त्याच्या समासातल्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते, त्याला वाचायला द्या. विमानात परवानगी न काढता नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तासांची आहे, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९ च्या आसपास थांबते. गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून दीडशे वॅट ओढत असतील तर ८० वॅट-तासांची बॅटरी अर्ध्या तासात रिकामी होईल. शिवाय एवढी वीज एका दमात देणं बॅटरीला झेपत नाही. म्हणून चार्जर काढला की यंत्र स्वतःच हात आखडतं. बिघाड नाही, दुकानदाराशी भांडू नका.

हे सगळं बघून तुम्ही म्हणता, कोडिंगची एक ओळ नाही. बरोबर आहे, नाही. कोडिंग ज्याला आवडतं तो पंधरा दिवसांत काहीतरी लिहितोच, आडवं-तिडवं का होईना, कुणी न सांगता. याने तसं केलं नाही. याचं लक्ष पडद्यावर काय दिसतं यापेक्षा पडद्यामागे काय तापतं इकडे गेलं. अशा मुलाला ‘एआय’ ही दोन अक्षरं बघून एखाद्या नव्या कॉलेजात, इन्स्टिट्यूट लेव्हलला पैसे भरून घालणं मला पटत नाही. ते पैसे भरू नका. स्पष्ट सांगते, म्हणजे पुन्हा पत्र लिहावं लागणार नाही.

तुमच्या मनातला एक गैरसमज मात्र नीट सोडवायला हवा, कारण घरातलं भांडण त्याच्यावरच उभं आहे. ‘गेमिंग लॅपटॉप म्हणजे कॉम्प्युटर शाखेसाठी, मेकॅनिकलला तो वाया जाणार.’ जवळपास उलटं आहे. कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुलं सी, पायथन, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस शिकतात. त्याला निम्म्या किमतीचा, १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो, ग्राफिक्स कार्ड नसलं तरी अडत नाही. एआय शिकायचं म्हटलं तरी सुरुवातीची मॉडेलं त्याशिवाय चालतात, आणि कार्ड लागलंच तर गूगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गूगलच्या यंत्रांवर, ठरावीक मर्यादेत फुकट वापरायला मिळतं. उलट खरोखर मोठी मॉडेलं शिकवायला या कार्डाची ८ जीबी मेमरी अपुरी पडते, ते काम सर्व्हरवरच होतं. याउलट मेकॅनिकलचा विद्यार्थी शेकडो भागांची थ्रीडी असेंब्ली उघडून फिरवतो तेव्हा ग्राफिक्स कार्ड लागतं. हवा कुठून शिरते, उष्णता कुठे साचते याचं सिम्युलेशन लावतो तेव्हा तगडा प्रोसेसर आणि भरपूर रॅम लागते. म्हणजे घाईने आणलेला लॅपटॉप चुकून का होईना, मुलगा म्हणतोय त्याच शाखेला जास्त उपयोगी आहे. वाया जाणार असेल तर तुम्ही म्हणताय तिकडे जाईल.

शाखांबद्दल थोडक्यात. मेकॅनिकलमध्ये उष्णतेचं वहन हा स्वतंत्र विषय असतो, त्याची वही त्याच विषयाची आहे. इलेक्ट्रिकलमध्ये वॅट, लोड, वाया जाणारी वीज हेच रोजचं बोलणं. इलेक्ट्रॉनिक्सचाही विचार करायला सांगा, सर्किट बोर्ड आणि चिप तापणं ही तिथली नेहमीची डोकेदुखी आहे. पहिल्या वर्षी विषय बरेचसे सारखे असतात आणि प्रोग्रामिंग आता प्रत्येक शाखेला आहे, त्यापासून तो सुटत नाही. सुटूही नये. रीडिंग हाताने उतरवण्याऐवजी पायथनने आपोआप नोंदवायला शिकला तर पहिला प्रोग्राम तिथेच होईल.

पगाराचं तुम्ही विचारलंय. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचा पगार अनेकदा जास्त असतो, हे खरं. पण तो कॉम्प्युटरच्या पदवीवर आपोआप मिळत नाही, काम येणाऱ्याला मिळतो. ज्याला ते काम आवडत नाही त्याला कॉम्प्युटरला प्रवेश घेऊनही तिसऱ्या वर्षी बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, घेऊन माझ्यासमोर बसलेलं मी पाहिलंय. सोबत बहुतेकदा आई येते, वडील बाहेर गाडीत असतात.

आता त्याच्यासाठी दोन शब्द, कारण सगळं त्याच्या बाजूचं लिहिलं तर तो हे पत्र फ्रेम करून लावेल. वहीत एक मोठी चूक आहे. ८६ अंशाच्या रीडिंगच्या वेळी पुस्तकं मागे लावली आणि त्याच वेळी पंखा परफॉर्मन्स मोडवर टाकला, तसं बारीक अक्षरात लिहिलंयही. मग पाच अंश पुस्तकांनी कमी झाले की पंख्याने? सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरं, खोलीचं तापमान कुठेच नाही. काही रीडिंग दुपारची आहेत, काही रात्री दीडची. यंत्र उष्णता खोलीतल्या हवेतच टाकतं, त्यामुळे दुपारच्या सिडकोतल्या स्लॅबखालच्या खोलीत आणि रात्री खिडकी उघडी असताना आकडे वेगळेच येणार. शंभर रुपयांच्या आसपास साधा थर्मामीटर मिळतो, तो आणा. रात्री दीड वाजता मोजायची गरज नाही, तेवढ्यापुरतं त्याच्या आईचं बरोबर आहे. आणि रॅमची दुसरी स्टिक त्याने मागितलीय ती आत्ता देऊ नका. एकाऐवजी दोन स्टिक असल्या की वेग वाढतो हे त्याचं म्हणणं खरं आहे, पण कॉलेज सुरू होऊ द्या, गरज कशाची आहे ते कळू द्या.

लॅपटॉप सतत चार्जरला असतो, म्हणून बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये बघून चालू करा. गादीवर ठेवायचं बंद, हे तर त्यानेच सिद्ध केलंय.

कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरताना लॉगिन त्याच्या हातात द्या. पसंतीक्रम त्याचा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की तीच पक्की होते, पुढच्या फेऱ्यांना उभं राहता येत नाही. तेव्हा ‘आत्ता कॉम्प्युटर वर टाकू, मग बघू’ हा खेळ खेळू नका. कॉलेजांची नावं तुम्ही सुचवा, फी, बसचा मार्ग, लॅब कशा आहेत ते पाहून या, तिथे तुमचा अनुभव त्याच्यापेक्षा जास्त आहे.

त्याआधी एक काम. तुमच्या कंपनीत पॅनेल आणि स्विचगिअर, म्हणजे वीज जोडायची-तोडायची उपकरणं, बनतात असं लिहिलंय. म्हणजे टेम्परेचर राइज टेस्ट तुम्हाला नवी नाही: ठरलेला करंट सोडायचा, जोडांवर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, लावायचे, तापमान स्थिर होईपर्यंत तासन् तास नोंद घेत बसायचं. तुमच्या पोराने भूमितीच्या पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून केलं ते याच घराण्यातलं. मॅनेजरसाहेबांना विचारा आणि फॉर्म भरायच्या आत एक दिवस त्याला टेस्टिंगला घेऊन जा. बावीस वर्षांच्या माणसाला एवढी परवानगी नाही म्हणणार नाहीत. तिथे गेल्यावर समजावून तुम्ही सांगू नका, टेस्ट करणाऱ्या इंजिनिअरला बोलू द्या. वही सोबत न्यायला सांगा.